वाळवंटातले शब्द

मराठीत ‘वाळवंट’ हा शब्द उच्चारला की मनासमोर दोन चित्रे उभी राहतात. पहिले चित्र पंढरपूरचे. चंद्रभागेच्या काठची ओलसर वाळू, तिच्यात उमटलेली असंख्य पावले, टाळमृदंगाचा गजर आणि शेजारून वाहणारे पाणी. दुसरे चित्र शालेय भूगोलाच्या पुस्तकातले. नजर पोहोचेल तिथवर वाळू, एखादा उंट आणि माणसाचा मागमूस नसलेली ओसाडी. वारकऱ्यांचे वाळवंट माणसांनी गजबजलेले आहे. भूगोलाचे वाळवंट निर्मनुष्य आहे. एकाच शब्दाने गर्दीही दाखवावी आणि निर्जनताही, याचे भाषेच्या अभ्यासकाला कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. थरच्या वाळूत काही दिवस समूहाने चालण्याचा आणि थोडे श्रमदान करण्याचा योग आला, तेव्हा या कुतूहलाला एक वेगळेच वळण मिळाले.

डिसेंबरचा महिना होता. आम्ही बावीस जण होतो. बँकेतील दोन कर्मचारी, रुग्णालयात परिचारिका असलेल्या एक बाई, एस. टी. महामंडळातून निवृत्त झालेले एक वाहक, काही शिक्षक आणि बरेचसे महाविद्यालयीन विद्यार्थी असा तो संमिश्र मेळा होता. जैसलमेरच्या नैर्ऋत्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर खुरी हे गाव आहे. त्या परिसरातून चार दिवस पायी चालायचे, रात्री तंबूत राहायचे आणि अखेरचे दोन दिवस एका गावात श्रमदान करायचे, असा कार्यक्रम ठरलेला होता. पाणी आणि शिधा उंटांवर लादलेला असे. वाट दाखवायला साठी ओलांडलेले एक स्थानिक गृहस्थ होते. सगळे त्यांना ‘काकोसा’ म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो.

सह्याद्रीत हिंडणाऱ्या पायांना वाळूवर चालणे नव्याने शिकावे लागते. वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूची वाळू दाबून बसलेली असते. तिथे पाऊल टिकते. पलीकडच्या उतारावर ती सैल असते आणि तिथे एक पाऊल वर टाकले तर अर्धे खाली घसरते. म्हणून टेकडीच्या माथ्याची कड धरून, पुढच्याच्या ठशात ठसा ठेवीत चालावे लागते. चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवायचा, हा काकोसांचा पहिला नियम. पाणी घोटाघोटाने प्यायचे आणि भांडी पाण्याने नव्हे, कोरड्या वाळूने घासायची, हा दुसरा. दुपारी ऊन चटका देई आणि सूर्य मावळताच वाळू झपाट्याने थंड होई. पहाटे तंबूत हातपाय गारठून जात. अशा ठिकाणी समूह म्हणजे केवळ सोबत राहत नाही. एकाने जास्त पाणी वापरले तर ते दुसऱ्याच्या वाट्याचे असते, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आषाढात दिंडीबरोबर चाललेल्या आमच्या वाहक नानांना ही शिस्त ओळखीची वाटली. ते म्हणाले, “सर, दिंडीतसुद्धा असंच असतं. आपल्या पायाचा विचार करणारा माणूस मागं पडतो.”

चालता चालता शब्द कानावर पडू लागले. आम्ही ज्याला वाळूची टेकडी म्हणत होतो, त्याला काकोसा ‘धोरा’ म्हणत. ‘मरु’ या संस्कृत शब्दाची व्युत्पत्ती परंपरेने ‘मृ’, म्हणजे मरणे, या धातूशी जोडली जाते. जिथे मरण येते तो प्रदेश, असा त्याचा भाव. ‘थर’ या नावाचे नाते मात्र ‘स्थल’ या शब्दाशी सांगितले जाते. स्थल म्हणजे उंच, कोरडी जागा. तोच शब्द मराठीत ‘थळ’ होऊन आला आणि अलिबागजवळच्या थळसारख्या ग्रामनामात वस्तीला राहिला. एका शब्दाला या भूमीत मरण दिसते आणि दुसऱ्याला नुसती जागा. जागा म्हटली की तिथे कुणी राहत असणार, हे ओघानेच येते.

अशा शब्दांविषयी बोलताना एक सावधगिरी आवश्यक आहे. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एस्किमोंच्या बर्फाची गोष्ट ठाऊक असते. फ्रांत्स बोआस यांनी 1911 मध्ये त्यांच्या भाषेतील बर्फासाठीच्या चार शब्दमुळांचा उल्लेख केला. पुढे सांगोवांगी ही संख्या वाढत वाढत शंभरापर्यंत आणि त्याहूनही पुढे नेली गेली. दूरच्या लोकांकडे अद्भुत शब्दसंपत्ती आहे असे मानणे आपल्याला आवडते. ते शब्द कशासाठी लागतात, हे विचारण्याचे कष्ट मात्र आपण क्वचितच घेतो.

थरमधील पाण्याचे शब्द या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो. तिथे पाण्याचे तीन प्रकार मानतात. आभाळातून थेट मिळते ते ‘पालर’ पाणी. ते तळ्यात किंवा टाक्यात साठवतात. खोल विहिरीतून येते ते ‘पाताळ’ पाणी. ते बहुधा खारट असते. या दोहोंच्या मधले ‘रेजाणी’ पाणी. काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर असतो. त्यामुळे पावसाचा ओलावा खोल जाऊन खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, वाळूतच धरून राहतो. तिथे अरुंद तोंडाची ‘कुंई’ खणली की तो ओलावा थेंबाथेंबाने पाझरून दिवसाकाठी दोनचार घागरी गोडे पाणी देतो. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ (1995) या पुस्तकात हे सारे आत्मीयतेने लिहिले आहे. हे तीन शब्द तीन वेगवेगळ्या कामांची नावे आहेत, हे वाचून समजते. खणणाऱ्याशेजारी उभे राहिले की ते अंगी लागते. पालर पाण्यासाठी पाळ बांधावी लागते, पाताळ पाण्यासाठी लांब दोर वळावा लागतो आणि रेजाणी पाण्यासाठी छातीएवढ्या रुंदीच्या खड्ड्यात बसून खणावे लागते.

पाचव्या दिवशी आम्ही श्रमदानाच्या गावी पोहोचलो. आमच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसापुढे ‘पडीक जमिनीवर वृक्षारोपण’ असे शब्द होते. जीपमधून शंभर रोपे आली होती. खड्डे खणण्यासाठी निवडलेली जागा म्हणजे गावाबाहेरचे विस्तीर्ण गवताळ मैदान होते. मधूनमधून खेजडीची झाडे होती. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमी. मुलांनी उत्साहाने कुदळी उचलल्या. इतक्यात गावातील दोन वृद्ध आले आणि त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे नकार दिला. ही जागा पडीक नाही, ही ‘ओरण’ आहे, असे ते म्हणाले.

ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तिथे कुऱ्हाड चालत नाही, नांगर फिरत नाही. गावाची गुरे मात्र तिथे चरतात. आपल्याकडच्या देवराईशी ही कल्पना जुळते. फरक एवढाच की, देवराई दाट झाडीची असते आणि इथले ओरण बरेचसे मोकळ्या गवताचे होते. ते सेवण गवत होते. त्याच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात आणि दुष्काळात तेच गुरांना जगवते. शिवाय अशाच मोकळ्या माळावर गोडावण, म्हणजे आपला माळढोक, उघड्या जमिनीवर अंडे घालतो, बहुधा एका वेळी एकच. तिथे दाट झाडी लावली तर तो ती जागा सोडतो. आज देशभरात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले आहेत. वृद्धांपैकी एक जण माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्टरसाब, झाड लावणं पुण्याचं काम आहे. पण इथं जे आहे, ते आधी बघा.”

त्या रात्री शेकोटीभोवती बराच वाद झाला. एका विद्यार्थ्याचा स्वर दुखावलेला होता. इतक्या दुरून आलो, स्वखर्चाने आलो, आणि झाड लावायलाही कुणी नको म्हणावे, हे त्याला पटत नव्हते. परिचारिका बाई बराच वेळ ऐकत होत्या. मग त्या म्हणाल्या, “रुग्णाला काय होतंय ते न विचारता कुणी औषध आणलं, तर आम्ही ते देत नाही. आणणारा कितीही मायेनं आलेला असो.” त्यावर तो म्हणाला, “सिस्टर, पण कागदावर तर पडीकच लिहिलंय.” त्याचे म्हणणे खरे होते. महसुली नोंदीत त्या जमिनीचे नाव तेच होते.

दुसऱ्या दिवशी रोपे शाळेच्या कुंपणात आणि घरांच्या परसात लावली गेली. आमचे हात गावाला दुसरीकडे हवे होते. त्या वर्षी पाऊस उणा झाल्याने गावाची ‘नाडी’, म्हणजे लहान तळे, लवकर आटली होती. तिच्यातला गाळ काढायचा होता आणि ‘आगोर’ साफ करायचे होते. आगोर म्हणजे पावसाचे पाणी जिथून वाहत तळ्याकडे येते ते सारे क्षेत्र. तिथे वेडी बाभूळ माजली होती आणि वाऱ्याने आणलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या अडकल्या होत्या. सकाळी प्रत्येक घरातून माणसे आली. या सामूहिक श्रमाला तिथे ‘ल्हास’ म्हणतात. मजुरी नसते, ज्याचे काम त्याने जेवू घालायचे. काम साऱ्या गावाचे असल्याने जेवणही साऱ्या गावाचे होते. बाजरीचे सोगरे, सांगरीची भाजी आणि ताक. नाना भाकरी मोडत म्हणाले, “ही तर आमच्याकडची इर्जिक!” त्यांच्या लहानपणी गावात एकाच्या शेतावर सगळे आपापले बैल आणि नांगर घेऊन जात आणि दिवस मावळल्यावर तिथेच जेवत. तो शब्द त्यांनी कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता. घमेले हाती आल्यावर तो त्यांना आठवला. दुखावलेला विद्यार्थी सबंध दिवस पाळीवर गाळ टाकीत होता. संध्याकाळी तो काकोसांना एकेका झुडपाचे नाव विचारीत बसलेला दिसला.

भाषेच्या दृष्टीने पाहिले तर ‘ओरण’ या शब्दाचे नाते संस्कृत ‘अरण्य’ शब्दाशी लावले जाते. त्याच अरण्यापासून मराठीतला ‘रान’ हा शब्द आला. आपल्याकडे शेतात गेलेला माणूस ‘रानात गेलाय’ असे म्हणतात. रान म्हणजे निर्जन जागा, असे आपल्या बोलींनी कधीच मानले नाही. ‘पडीक’ हा मात्र नोंदवहीचा शब्द आहे. जमिनीतून पीक निघते की नाही, एवढाच प्रश्न तो विचारतो. हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. जी जमीन कागदावर पडीक ठरते ती दुसऱ्या कामासाठी देता येते. थरच्या प्रदेशात सौर आणि पवन ऊर्जेचे मोठे प्रकल्प उभे राहत आहेत, आणि अनेक ओरण अशा नोंदींमुळे त्यांच्या वाटेत आले आहेत. वीज देशाला हवीच आहे. पण उच्चदाबाच्या तारा जड शरीराच्या माळढोकाला समोर वेळीच दिसत नाहीत आणि त्यांवर आदळून तो मरतो. जैसलमेरच्या गावकऱ्यांनी ओरण वाचवण्यासाठी पदयात्रा काढल्या, निवेदने दिली. त्यांची मुख्य मागणी एकच होती : या जागेची नोंद तिच्या खऱ्या नावाने करा. 18 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरण आणि तत्सम देवरानांचे प्रत्यक्ष जागेवर आणि उपग्रहाच्या साहाय्याने मापन करून त्यांना वन म्हणून मान्यता देण्याचा निर्देश राज्य शासनाला दिला. एका शब्दाला कागदावर जागा मिळण्यासाठी इतका प्रवास करावा लागला. प्रत्येक ओरणाची नोंद पूर्ण होईपर्यंत तो संपलेला नाही.

हा प्रश्न एकट्या राजस्थानचा नाही. माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात 1979 मध्ये अभयारण्य घोषित झाले, तेही माळरानावरच. ‘माळ’ म्हणजे ओसाड असे समजून आपण किती माळ गमावले, त्याचा हिशेब अजून मांडायचा आहे.

ही पुस्तिका वाचणारे आपण बहुतेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकत आहात. भाषाभ्यासाची सामग्री तुमच्याभोवतीच आहे. आपल्या घरच्या किंवा गावच्या सातबारा उताऱ्यावर ‘पोटखराबा’, ‘पड’, ‘गायरान’ असे शब्द आढळतील. त्यांपैकी एखादा शब्द ज्या जमिनीपुढे लिहिलेला आहे, तिथे एकदा चालत जावे; जमल्यास दोघातिघांनी मिळून जावे. गावातील वडीलधाऱ्यांना त्या जागेचे नाव विचारावे. तिथे कोणते गवत उगवते, गुरे कुणाची चरतात, पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे थांबते, हेही विचारावे. मिळालेला प्रत्येक शब्द वहीत उतरवावा आणि त्यापुढे तो सांगणाऱ्याचे वय लिहून ठेवावे. त्या वयांच्या रकान्यावरून नजर फिरवली, की हे काम पुढच्या वर्षावर का टाकू नये, ते आपोआप ध्यानात येईल.