शस्त्रक्रियेआधीचे हेलपाटे

मोतीबिंदूच्या रुग्णांबरोबर दवाखान्यांत वावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. शस्त्रक्रियेआधी त्यांना जे हेलपाटे पडतात, त्यातले बरेचसे त्यांच्या सुरक्षिततेसाठी नसतात. कामाचा क्रम चुकल्यामुळे पडतात. एकदा तपासणी, मग रक्त-लघवी आणि ईसीजी, मग फिजिशियनचं फिटनेस, मग लेन्सचा नंबर, आणि शेवटी तारीख. तारीख लांबली की रिपोर्ट जुने झाले म्हणून पुन्हा पहिल्यापासून. ज्याला धड दिसत नाही त्याला दरवेळी सोबत लागते. एसटीत २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, २०२३पासून महिलांना अर्धं आहे, मग एका फेरीचा एवढा बाऊ कशाला, असं कुणी विचारेल. पण सोबतच्या मुलाला पूर्ण तिकीट पडतं आणि ऐन सोयाबीन काढणीत बुडालेली मजुरी कुठलीच सवलत भरून देत नाही. शेवटी म्हातारं माणूसच म्हणतं, राहू दे, भागतंय माझं. आणि बऱ्या होऊ शकणाऱ्या आंधळेपणासह ते घरी बसतं.

तपासण्या वगळल्या तर धोका वाढेल, ही भीती खरी आहे आणि तिचं उत्तर पुराव्यानेच द्यायला हवं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ केंद्रांमध्ये १९,५५७ शस्त्रक्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली गेली. अर्ध्यांत ईसीजी आणि रक्ताच्या ठरावीक तपासण्या केल्या, उरलेल्यांत सरसकट केल्या नाहीत. २०००मध्ये निष्कर्ष छापून आले : दोन्ही गटांत दर हजार शस्त्रक्रियांमागे सुमारे ३१ वैद्यकीय अडचणी. अर्थात नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण यात घेतलेच नव्हते, आणि तक्रार आढळली तर दुसऱ्या गटातही तपासणी करायला मुभा होती. म्हणून मी तपासण्या बंद करा म्हणत नाही. रुग्णाला विचारून, त्याला तपासून ठरवा, इतकंच म्हणते. आपल्याकडे मधुमेह असून ठाऊक नसलेले पुष्कळ, हेही मान्य. पण बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर त्याच टेबलावर कळते, रक्तदाबही तिथेच मोजता येतो. साखर फारच वाढलेली निघाली तर त्या रुग्णाला पुन्हा बोलवावंच. त्या फेरीला कारण आहे.

लेन्सच्या नंबराचं बघा. तो काढण्यासाठी पारपटलाची वक्रता मोजायची ती डोळ्यात थेंब टाकण्याआधी आणि दाब मोजायला डोळ्याला स्पर्श करण्याआधी, कारण त्यानंतर पृष्ठभाग किंचित बिघडतो आणि माप चुकू शकतं. पण बाहुली मोठी करायचे थेंब रांगेतच टाकले जातात, मोतीबिंदू पिकल्याचं नंतर कळतं, आणि मग नंबर काढायला वेगळा दिवस. नजर अगदीच कमी असलेल्यांची मापं थेंबांआधीच घेतली तर ही फेरी टळते. काही मापं वाया जातील, गर्दीत माणसं कुठून आणायची, असं दवाखाना म्हणेल. मात्र तोच रुग्ण परत आला की तीच माणसं, तोच केसपेपर, तीच रांग पुन्हा लागते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या शिबिरांत रक्तदाब आणि साखर जागेवरच तपासून शस्त्रक्रियेच्या रुग्णांना त्याच दिवशी बसने रुग्णालयात नेतात. गर्दी तिथेही कमी नसते.