बारा पानांचा महाराष्ट्र

नाताळ म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे बर्फ, सूचिपर्णी वृक्ष आणि हरणांची घसरगाडी उभी राहते. हे चित्र सुंदर आहे; परंतु ते वारणाकाठचे नाही. आमच्या कोडोलीत नाताळच्या सुटीत दिसतात त्या उसाने भरलेल्या बैलगाड्या. ‘तुमचा सण परदेशातला ना?’ असे शेजारच्या मुलाने विचारले, तर आपल्या मुलाने काय उत्तर द्यावे? प्रभू हा परगावचा पाहुणा आहे असे ज्याच्या मनात बसते, त्याची श्रद्धा घरची होत नाही.

ख्रिस्तजयंतीपासून तीन राजांच्या सणापर्यंतचे बारा दिवस मोजण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत या बारा दिवसांच्या धर्तीवर एकेका राज्याची ओळख करून देणारी मुलांची चित्रपुस्तके निघाली आहेत. तसे एक पुस्तक माझ्या पाहण्यात आले आणि वाटले, आपल्या राज्याचे पुस्तक आपल्या मुलांनीच का करू नये? सुटीत धर्मग्रामातील मुले जमली. कोऱ्या कागदांची वही शिवली गेली.

पहिल्या पानावर आंब्याच्या झाडावर हरियाल बसला. झाड राज्याचे, पक्षीही राज्याचा. मग भीमाशंकरच्या अरण्यातले शेकरू आले, ताम्हणाची जांभळी फुले आली. पन्हाळगड, वसईचा किल्ला आणि हरेगावच्या मतमाउलीची यात्राही आली. १ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या या राज्यात आज ३६ जिल्हे आहेत, हे पाठ करण्यापेक्षा नकाशावर बोट ठेवून शोधण्यात मुले रमली. एक पान फादर थॉमस स्टीफन्स यांचे झाले. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत नांदू लागली, त्याला चार शतके उलटून गेली आहेत!

एका पालकांनी विचारले, “फादर, हे धर्मशिक्षण की भूगोल?” प्रश्न रास्त होता. परंतु संत लूक ख्रिस्तजन्माची कथा सांगताना आधी काय सांगतो? कैसर औगुस्त, सिरियाचा सुभेदार, शिरगणती, नासरेथ, बेथलेहेम. देवाने देह धारण केला तो एका ठरावीक गावात, ठरावीक काळात. भूगोल वगळला, तर गव्हाण ठेवायची कोठे?

त्याचे उत्तर बाराव्या पानाने दिले. एका मुलीने उसाच्या पाचटाने शाकारलेली कोपी काढली. दर हंगामात बीडकडून ऊसतोड मजूर आपल्या भागात येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात; माणसांची मोजदाद अवजाराच्या नावाने होते. सोबत तान्ही लेकरे असतात, आणि थोरल्या भावंडांची शाळा गावाकडेच सुटलेली असते. मुलांनी नकाशात बीड शोधले, तेथून कोडोलीपर्यंत रेघ ओढली. “गव्हाण या कोपीत ठेवू का?” त्या मुलीने विचारले. मी म्हटले, “ठेव, बाळ.”

दुसऱ्या दिवशी मुले आईवडिलांसह करंज्या आणि घोंगड्या घेऊन फडाजवळच्या कोप्यांवर गेली. तेथील लेकरांनी ती वही चाळली आणि बाराव्या पानावर आपले घर ओळखले.

पालकांनो, येत्या सुटीत घरोघरी अशी एक वही शिवा. फार खर्च नाही. मात्र शेवटचे पान कोरे ठेवा आणि ते कोणाचे, हे मुलांना ठरवू द्या.