चव ठीक

एप्रिल २०२१ मध्ये तुमसरच्या आमच्या घरात चौघांपैकी तिघांना कोरोना झाला. मला सगळ्यांत हलका. दोन दिवस ताप, थोडी अंगदुखी, आणि ऑक्सिमीटरमध्ये बोट घातलं की ९७. लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी वणवण करत होते त्या महिन्यात आपल्याला एवढ्यावर सोडलं, म्हणून ताप उतरल्यावर आंघोळ करून देवापुढे उदबत्ती लावली. धूर दिसला. वास आला नाही.

आधी वाटलं उदबत्ती जुनी असेल. मग हिंगाची डबी उघडली, मग कांदा चिरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण कांदा काही नाकाला कळला नाही. व्हिक्सची डबी हुंगली तर आत गार झोंबलं, बस. झोंबणं, चुरचुरणं कळवणारी नस वेगळी आणि वास कळवणारी वेगळी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठसका लागतो म्हणजे नाक चालू आहे, असंच मी स्वतःला दोन दिवस समजावत राहिले.

त्याच आठवड्यात लेंडेझरीकडच्या माझ्या माहेराहून भाऊ आला आणि मोहफुलांची पिशवी दारातच ठेवून, लांबूनच हात करून गेला. मोह एप्रिलमध्ये पहाटे गळतो. लहानपणी आम्ही टोपल्या घेऊन झाडाखाली जायचो, तेव्हा तो जड, गोड वास केसांत बसायचा आणि शाळेत गुरुजींनाही कळायचा. ती पिशवी मी कपाटामागे ठेवली आणि विसरले. एरवी मोह घरात आला की विसरताच येत नाही. चार दिवसांनी भिंतीवरून मुंग्यांची रांग लागली, तेव्हा तिच्या मागे मागे गेले आणि पिशवी सापडली.

सगळे विचारायचे, "चव गेली का?" चव म्हणजे जिभेची चव गेली नव्हती. खारट, गोड, आंबट, कडू हे सगळं कळत होतं. पण वांग्याला वांगं आणि भेंडीला भेंडी करतो तो वास. घास चावताना तो घशाकडून मागच्या वाटेने नाकात चढतो, आणि आपण त्यालाच चव म्हणतो. ती वाट बंद झाल्यावर जवसाची चटणी म्हणजे मीठ लावलेली रेती झाली, आणि लाखोरीच्या डाळीचं वरण म्हणजे कोमट, खारट लगदा. काहीतरी जाणवावं म्हणून मी तिखट वाढवत गेले. सासूबाईंनी एक दिवस ताट सरकवलं. "केवढं तिखट करतेस व माय, घरच्यांनी जेवाचं का रडाचं?"

तोवर घरातली सगळी हुंगायची कामं माझीच होती. दूध नासलं का, कालचं वरण चालेल का, धान्याला जाळी लागली का, पोराटोरांचा गणवेश आणखी एक दिवस निभेल का. माझं नाक म्हणजे शेवटचा शब्द. आता दहा वर्षांच्या लेकीला हाक मारावी लागे. ती वाटीवर नाक धरून "चालते" किंवा "फेक" म्हणायची. थोड्याच दिवसांत तिला या अधिकाराची मजा वाटू लागली. मी मात्र सकाळ-संध्याकाळ आंघोळ करायला लागले. आपल्या अंगाला घामाचा वास येत असेल आणि कोणी सांगत नसेल, ही भीती फार वाईट. साडीचा पदर लेकीपुढे धरताना मला जी लाज वाटायची ती तिला कधी कळली नाही, हे बरंच झालं.

जूनमधली एक दुपार आठवली की अजून अंगावर काटा येतो. दूध उतू गेलं, बर्नर विझला, मी ओटा पुसून शेजारीच भाजी निवडत बसले. लेक अंगणातून धावत आली, "आई, गॅस!" स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन नावाचा घाण वासाचा पदार्थ मुद्दाम घालतात. म्हणजे कंपनीने इशाऱ्याची सोय केलेली होती, पण ती ज्यांना नाक आहे त्यांच्यासाठी. त्या दिवसापासून गॅस सुरू असताना मी ओटा सोडत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली की भंडारा जिल्ह्यातला शेवटचा रुग्णही घरी गेला, जिल्हा कोरोनामुक्त झाला. राज्यात पहिला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट होती, आणि वाटलाही. चहाचा कप हातात घेऊन मी ती बातमी दोनदा वाचली. चहा गरम आणि गोड होता, एवढंच त्याच्याबद्दल सांगता आलं असतं.

नणंदेला बाळ झालं. मांडीवर घेतलं, टाळूवर तेल चोपडलेलं होतं. मी नाक टेकवलं आणि लगेच परत दिलं.

दिवाळीच्या सुमारास वास परत आला, पण वाकडा होऊन. फोडणीत कांदा-लसूण पडला की जळकं रबर आणि कुजलेलं काहीतरी यांची मिळून घाण यायची. अंडं, कोंबडी, कॉफी, सगळ्याला तीच एक घाण. यापेक्षा काहीच येत नव्हतं ते बरं होतं, असं मी नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "येत नव्हता तेव्हा रडत होतीस." त्याचं खरं होतं, म्हणून जास्त राग आला. त्याला कोंबडीचा रस्सा आवडतो. तो बिचारा अंगणात चूल मांडून करायचा आणि तिथेच जेवायचा.

नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं. वास ओळखणाऱ्या पेशींना टेकू देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यावर हा विषाणू हल्ला करतो. टेकू गेला की वरचं घरही ढासळतं. नंतर नवे तंतू वाढतात आणि मेंदूकडे जाताना वाट चुकतात, म्हणून कांद्याच्या जागी रबर. ही सुधारण्याची खूण आहे, असं ते म्हणाले. मग एक व्यायाम दिला. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल या डॉक्टरांनी २००९ मध्ये तो मांडला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, रोज दोनदा, आठवडेच्या आठवडे. प्रत्येकाचा वास घेताना तो मनात आठवायचा. माझ्या खिडकीत चार बाटल्या बसल्या. लिंबू आठवायला सोपं. गुलाब आठवायला गेले की पत्रावळीवरचा गुलाबजाम आठवायचा. बारा आठवडे म्हणून सुरू केलेलं मी वर्षभर केलं. आधी लवंग आली, एका सकाळी, कोपऱ्यातून कोणी हळू बोलल्यासारखी.

या सगळ्यात मला खरा पेच पडला तो शाळेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०२२ मध्ये शाळेत पुन्हा खिचडी शिजू लागली आणि चव नोंदवही पुन्हा टेबलावर आली. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने घास खाऊन बघायचा, शेरा लिहायचा, सही करायची. माझी पाळी आली. स्वयंपाकाच्या काकू वाटी घेऊन उभ्या, "बरोबर हाय ना मॅडम?" मीठ बरोबर होतं. डाळ लागली का, तेल खवट आहे का, तांदळाला कुबट वास आहे का, यातलं काहीही मला कळत नव्हतं. मी "चव ठीक" लिहिलं आणि सही केली. मुलं पंगतीत बसून जेवली, कोणाला काही झालं नाही. पण रात्रभर मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांना आधी वाटलं, मी काम टाळते आहे. हातपाय धड, चष्मा नाही, ताप नाही, आणि बाई म्हणते नाक नाही! शेवटी माझी पाळी दुसऱ्या मॅडमनी घेतली आणि त्यांची परिपाठाची मी. नोंदवहीतली ती एक सही मात्र तशीच आहे.

आता बरंच परत आलं आहे, सगळं नाही. पहिल्या पावसाचा वास येतो. राइस मिलजवळून जाताना भिजवलेल्या धानाची आंबूस वाफ येते, जिला मी पूर्वी नाक मुरडायचे. कॉफी अजून सोडूनच दिली आहे. सगळ्यांत उशिरापर्यंत आला नाही तो चिन्नोर. आमच्या जिल्ह्याच्या या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. धान उंच वाढतं, वाऱ्याने लोळतं, उतारा कमी देतं, तरी लोक घरापुरता बांधीभर लावतात, कारण तो शिजला की शेजाऱ्यांना कळतं. दोन वर्षं नवा चिन्नोर आला, शिजला, सगळे वाहवा करत जेवले आणि मी पांढरा भात खाल्ला.

मागच्या थंडीत वह्या तपासत बसले होते. एकाएकी स्वयंपाकघरातून तो वास आला. नक्की तोच. मी बसल्या जागेवरून ओरडले, "चिन्नोर लावलास का गं?"

"नाही आई, कंट्रोलचा आहे."

उठून गेले, झाकण काढलं. लेकीनेही नाक घातलं आणि मान हलवली. मला अजून येत होता.

"असू दे," म्हटलं, "वाढ."