वाळूवरील दुसरा स्पर्श

खेळाच्या मैदानावर टाळ्या कोणाच्या वांट्यास येतात हें वाचकांस ठाऊकच आहे. व्हॉलीबॉलमध्यें जो गडी उंच उडी घेऊन प्रतिपक्षाच्या अंगणांत चेंडू आपटतो त्याचें नांव गांवभर होतें. परंतु क्षणभरापूर्वीं तो चेंडू त्याच्या हाताजोगा कोणीं उभा करून दिला, हें विचारणारा विरळाच. पहिला स्पर्श चेंडू अडविणाराचा, तिसरा मारणाराचा, आणि मधला दुसरा ज्याचा, त्यास 'सेटर' म्हणतात. आमच्याकडील जुने खेळाडू त्यास 'लिफ्टर' म्हणत. या मधल्या स्पर्शाची विद्या मीं गेल्या उन्हाळ्यांत रत्नागिरीजवळील भाट्याच्या पुळणीवर थोडीफार संपादन केली, तिचा हा वृत्तांत आहे.

हा खेळ १८९५ सालीं अमेरिकेंतील हॉलिओक गांवीं विल्यम मॉर्गन नांवाच्या वाय. एम. सी. ए.च्या व्यायामशिक्षकानें काढला. प्रौढ मंडळींस बास्केटबॉलची दगदग सोसत नाहीं, त्यांस बेताचा व्यायाम व्हावा एवढाच त्याचा हेतु होता. पुढें समुद्रकांठच्या लोकांनीं तो वाळूवर नेला, व कॅलिफोर्नियांतील सँटा मोनिका येथें १९३० च्या सुमारास दोघां-दोघांनीं खेळण्याची रीत पडली. १९९६ सालीं अटलांटा येथें ऑलिंपिकमध्यें त्यास प्रथम स्थान मिळालें. त्या वर्षींचें पुरुषांचें सुवर्णपदक जिंकणारा कार्च किराय यानें १९८४ व १९८८ सालीं सहा गड्यांच्या खेळांतहि सुवर्णपदक मिळविलें होतें.

सहा गड्यांच्या संघांत सेटर हा नेमलेला असतो. इतरांनीं त्या कामाकडे पाहिलें नाहीं तरी चालतें. वाळूवर तसें नाहीं. तेथें आठ मीटर लांब व आठ मीटर रुंद अंगण दोघांनींच राखावयाचें. एकानें चेंडू अडविला कीं दुसऱ्यानें तो उभारलाच पाहिजे, व उभारलेला चेंडू बहुधा अडविणाऱ्यानेंच मारावयाचा. बदली गडी नाहीं. तेव्हां ज्यास उभारतां येत नाहीं त्याचा जोडीदार निम्म्या खेळास मुकतो.

माझा जोडीदार म्हणजे माझा थोरला भाऊ. दादाचा मारा आमच्या वाडींत प्रसिद्ध आहे. परंतु मागील वर्षीं त्याचा उजवा खांदा दुखावला. डॉक्टरांनीं कांहीं महिन्यांनीं खेळण्यास मोकळीक दिली खरी, पण हात डोक्यामागें नेऊन मारावयाचें नाहीं असें बजावलें. चेंडू समोर व थोडा उजवीकडे आला तर खांदा तक्रार करीत नसे. मागें गेला कीं रात्रीं आईस तव्यावर मिठाची पुरचुंडी गरम करून शेकावें लागे. जूनमध्यें दादा नोकरीसाठीं परगांवीं जाणार होता. त्यापूर्वीं एकदां माझ्याबरोबर सामन्यांत उतरावें अशी त्याची फार इच्छा होती. बाबा म्हणाले, "खेळा, पण याच्या हातून चेंडू नीट येईपर्यंत खांद्याला जोर नको." आई कांहींच बोलली नाहीं. तिचें न बोलणें आम्हां दोघांस अधिक कळलें.

पहिले आठ दिवस दादानें मला जाळीजवळ फिरकूं दिलें नाहीं. वाळूवर उताणें पडावयाचें, चेंडू कपाळाच्या वर सरळ उडवावयाचा आणि तो पुन्हां त्याच ठिकाणीं झेलून हातांचा आकार पाहावयाचा, एवढेंच काम. तो आकार कसा असावा हें त्यानें एका शब्दांत सांगितलें : "पाणी पितांना करतोस ना, ती ओंजळ, फक्त कपाळावर, आणि आकाशाकडे उघडी." अंगठे डोळ्यांकडे वळलेले, अंगठे व तर्जनी यांच्यामध्यें तिकोनी खिडकी, त्या खिडकींतून चेंडू दिसला पाहिजे. तळव्यास चेंडू लागूं द्यावयाचा नाहीं. अंगठा, तर्जनी व मधलें बोट भार घेतात, उरलेलीं दोन बोटें बाजूनें केवळ सांवरतात. पडल्यापडल्या हें करण्यांत एक लाभ आहे : पायांची लबाडी चालत नाहीं, हातांनीं काय केलें तें उघड दिसतें.

मग उभें राहणें आलें. वाळूंत पाय रुततात. धांवतां धांवतां चेंडू उभारूं गेल्यास शरीर ज्या दिशेस चाललें त्याच दिशेस चेंडू जातो. म्हणून चेंडूच्या आधीं पोंचावें, पाय रोवावे, खांदे जिकडे चेंडू द्यावयाचा तिकडे वळवावे, गुडघे किंचित् वांकवावे, आणि मग गुडघ्यांपासून बोटांपर्यंत सर्व शरीर एकदम उलगडावें. बळ हातांत नाहीं, पायांत आहे. हें ऐकण्यास सोपें आहे. माझ्या पोटऱ्यांस मात्र तें पटावयास पंधरा दिवस लागले.

नियमांकडेहि लक्ष द्यावें लागे. वाळूवरील चेंडूंत हवा कमी भरतात, त्यामुळें तो बोटांत किंचित् विसावतो, व पंचहि त्यास सहसा हरकत घेत नाहींत. परंतु दोन हातांस तो एकामागून एक लागला कीं शिटी वाजलीच. त्यांतून बोटांनींच चेंडू जाळीपलीकडे टाकावयाचा झाल्यास तो खांद्यांच्या रेषेशीं काटकोनांतच गेला पाहिजे. जोडीदारासाठीं उभारलेला चेंडू वाऱ्यानें पलीकडे गेला तर तेवढी सूट आहे.

हा वारा म्हणजे खरा प्रतिपक्ष! कोंकणांतल्या मुलांस खारे वारे व मतलई वारे हे भूगोलांत शिकवावे लागत नाहींत. सकाळीं सुरूच्या बनांत पान हालत नसतांना मीं उभारलेला चेंडू दुपारीं चारनंतर तसाच उभारावा तर तो कोठेंतरी भलतीकडेच चालूं लागे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. तो पाठीमागून असतां चेंडू जाळीपासून हातभर अलीकडेच सोडावा, वारा तो पुढें नेतो. समोरून असतां जाळीस अधिक लगटून द्यावा. फार उंच मात्र केव्हांहि देऊं नये, कारण जितका वेळ चेंडू आकाशांत तितका वेळ तो आपला नसतो. सात गुण झाले कीं दोन्ही पक्षांनीं बाजू बदलावयाची, हा नियम मला आतां फार न्यायाचा वाटतो. वारा अगदींच माजला तर ओंजळ सोडून दोन्ही मनगटें जोडावीं व त्यांवरून चेंडू उचलावा. तें दिसावयास रांगडें, पण दादाच्या खांद्यास दिसण्याशीं कर्तव्य नव्हतें.

शेवटीं एक गोष्ट शिकलों, ती मला सर्वांत आवडली. चेंडू हातांतून सुटला म्हणजे उभारणाऱ्याचें काम संपत नाहीं. मारणाऱ्याची दृष्टि चेंडूवर खिळलेली असते. पलीकडे कोठें रिकामें आहे हें त्यास दिसत नाहीं. तेव्हां आपण मान वळवून पाहावें व ओरडून सांगावें : "सरळ!" किंवा "तिरका!" दादा माझ्यापेक्षां सात वर्षांनीं मोठा, आजवर घरांत त्यानें सांगावें व मीं ऐकावें अशीच वहिवाट होती.

मे महिन्याच्या अखेरीस तेथील मंडळींनीं भरविलेल्या सामन्यांत आम्हीं उतरलों. आई सुरूच्या सांवलींत बसली होती. खेळ तिला कळत नाहीं. ती केवळ दादाचा उजवा हात पाहत होती. पहिली जोडी आम्हीं हरविली. दुसऱ्या सामन्यांत एकेक डाव वांटला गेला व तिसरा आम्हीं पंधरा-तेरानें गमावला. प्रतिपक्षाचे ते दोघे उंच होते, उत्तम खेळले. त्याविषयीं तक्रार नाहीं. त्या शेवटच्या डावांत माझ्या "सरळ!" वर दादानें जोर न लावतां नुसत्या मनगटानें रेषेच्या आंत टाकलेला चेंडू मला अद्याप दिसतो.

घरीं आल्यावर आईनें न विचारतांच तवा चुलीवर ठेवला व मिठाची पुरचुंडी बांधली. दादा स्वयंपाकघरांत आला, तिच्याकडे पाहून हंसला, आणि उजवा हात सरळ वर करून फडताळाच्या अगदीं वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी त्यानें खालीं काढली. आईनें पुरचुंडी सोडली, मीठ पुन्हां बरणींत ओतलें, आणि त्याच तव्यावर भाकरी टाकली.