खडवलीतली एकुलती एक खुर्ची

खडवली म्हटलं की काय आठवतं? भातसा नदी, भिजलेले कपडे, गरमागरम वडापाव आणि परतीच्या लोकलमधली ओलीचिंब गर्दी. कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग खडवली. कसारा किंवा आसनगाव लोकल पकडायची, अर्ध्या तासात बॉस आणि डेडलाइन दोन्ही मागे! पण या वेळी मी नदीसाठी नाही, एका खुर्चीसाठी गेले होते.

डोंबिवलीच्या एका काकांनी इथे छोटंसं घर घेतलंय. कशासाठी? गाणी ऐकायला. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये स्पीकर भिंतीला चिकटवावे लागतात आणि मग बास नुसता घुमतो. इथे दोन उंच स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे ऐटीत उभे आहेत. मध्ये व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, शेजारी टर्नटेबल. समोर, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, एक खुर्ची. एकच. कारण स्टिरिओची खरी मजा त्याच जागी. जरा बाजूला सरका, समोर मधोमध गाणारी गायिका उठून कोपऱ्यात जाऊन बसते. मेल गाडी धडधडत आली की काका सुई उचलतात, गेली की पुन्हा ठेवतात. वेड, दुसरं काय!

रविवारी त्यांचा ग्रुप जमतो. बँकवाले, इंजिनीअर, एक डेंटिस्ट. बाई एकही नाही. का बरं? "अगं, बायकांना गाणं आवडतं, मशीन नाही," काका म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला काही ते पटेना. कानांचंच बघा. वय वाढतं तसे बारीक, उंच आवाज ऐकू येणं कमी होत जातं, आणि ही घसरण साधारणपणे पुरुषांमध्ये लवकर सुरू होते. म्हणजे निव्वळ कानांच्या जोरावर त्या खुर्चीत काकूंनी बसायला हवं. काकू विशारदपर्यंत गाणं शिकलेल्या. त्या दिवशी मंडळी नव्या केबलने आवाज किती 'खुलला' यावर तावातावाने बोलत होती. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, चढलंय ते!" टर्नटेबल किंचित जास्त वेगाने फिरत होतं. हजारोंच्या केबलने जे कळलं नाही ते पोळ्या लाटता लाटता कळलं.

"तुम्ही का नाही बसत तिथे?" मी विचारलं. "बसते की. पण दोन तास कोण बसू देतंय?"

खरी गोम इथे आहे. आपण बायका गाणी ऐकतो कशा, आठवा. ओट्यापाशी विविध भारती, पण एक कान कुकरच्या शिट्ट्यांकडे. लेडीज डब्यात एका कानात इयरफोन, दुसरा पुढच्या स्टेशनसाठी मोकळा. एका कानाने ऐकणाऱ्याला स्टिरिओ काय कामाचा? या छंदाला मशीनपेक्षा जास्त लागतं ते बंद दार, कुणी हाक न मारणारे दोन तास आणि हिशेब न द्यावा लागणारा पैसा. (नवे स्पीकर केवढ्याला पडले हे काकूंना अजून माहीत नाही. "डिस्काउंट मिळाला," एवढंच त्यांच्या कानावर आहे.) शिवाय काका कॉलेजात असल्यापासून लॅमिंग्टन रोडवर पार्ट शोधत हिंडायचे, रात्री सोल्डरिंग करत बसायचे. काकूंनी सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं असतं तर आई ओरडली असती, "शॉक बसेल!"

आपल्याकडेच असं आहे असं नाही. कीर काइटली या अभ्यासकाने १९९६ मध्ये १९५०च्या आसपासच्या अमेरिकन हाय-फाय वेडावर लिहिलंय. तिथेही नवऱ्यांना घरात स्वतःची हक्काची जागा हवी होती, आणि ती मोठ्या आवाजाने मिळवली जात होती.

गंमत म्हणजे रेकॉर्डवर मात्र बाईच! १९०२ मध्ये कोलकात्यात भारतातली सुरुवातीची रेकॉर्डिंग झाली, तेव्हा मोठं नाव झालं गौहर जानचं. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. यानं उडाली आणि काही आठवड्यांतच केसरबाई गेल्या. तो आवाज अजून पुढे पुढे चाललाय, आणि इथे तो ऐकायच्या खुर्चीत काका.

दुपारी नदीवर चक्कर मारली. पोरांचे सात-आठ ग्रुप, प्रत्येकाकडे ब्लूटूथ स्पीकर. मिक्स ग्रुपही होते. त्यांच्यातही स्पीकर पोराच्याच हातात. मुली गाणी सुचवत होत्या, लावत तो होता.

संध्याकाळी मी म्हटलं, "काकू, भांडी मी घासते. तुम्ही बसा." काकांनी केसरबाई लावल्या. काकूंनी डोळे मिटले. दोन मिनिटं झाली असतील, उठल्याच. "अगं, विरजण लावायचं राहिलं!"

जाणार असाल तर परतीच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा, या बाजूला गाड्या कमी. आणि पावसाळ्यात नदीत उतरू नका. वर भातसा धरणातून पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं.