आमचा नवस

ख्रिस्ती कुटुंबात स्वर्गीय पित्याची प्रार्थना किती वेळा म्हटली जाते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. एका रोझरीत ती सहा वेळा येते. रोज संध्याकाळी एक रोझरी धरली, तरी वर्षाकाठी ती दोन हजारांच्या वर जाते. आमचा विवाह 1989 साली झाला आणि तेव्हापासून संध्याकाळची रोझरी आम्ही दोघांनी सहसा चुकविलेली नाही. म्हणजे पित्याची इच्छा पूर्ण व्हावी, अशी मागणी आम्ही निदान साठ हजार वेळा तरी केली असेल. इतक्या वेळा मागितलेली गोष्ट एका संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मात्र आम्ही तिला ओळखले नाही. आम्ही तिला आत घेतले आणि घाईघाईने दार लावून टाकले. कारण शेजारी पाहत होते.

ती संध्याकाळ 2015 च्या उपवासकाळातील होती. दाराशी रिक्षा थांबली. तिच्यातून पत्र्याची पेटी उतरली आणि पेटीमागून आमचा मुलगा उतरला. चार वर्षांपूर्वी हीच पेटी घेऊन तो सेमिनरीत गेला होता. (हे सारे लिहिण्यास त्याची संमती आहे. ‘नाव घालू नका’ एवढेच तो म्हणाला, म्हणून ते घातलेले नाही.)

ही कथा सांगायची तर वीस वर्षे मागे जावे लागते. 1995 च्या जुलै महिन्यात वसईत पाऊस कोसळत होता. दोन वर्षांच्या या मुलाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि एका दिवसात त्याचे डोळे खोल गेले. गुडघाभर पाण्यातून त्याला खांद्यावर घेऊन आम्ही दवाखाना गाठला. सलाइन लावायला शीर सापडत नव्हती. परिचारिका एकदा या हाताला, एकदा त्या पायाला सुई टोचत होती आणि मूल रडतही नव्हते. मूल रडत नाही, याची भीती ज्या आईबापांनी अनुभवली आहे, त्यांना अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. त्या रात्री दवाखान्याच्या ओसरीवर आमच्यापैकी एकाने मोत माउलीचे नाव घेतले आणि म्हटले, “हा जर वाचला, तर हा देवाचा. याला आम्ही फादर करू.” दुसरीने ‘आमेन’ म्हटले. म्हणून तो नवस दोघांचाही आहे.

मूल वाचले. सप्टेंबरात वांद्र्याच्या जत्रेला जाऊन आम्ही मेणाचे लहान बाळ माउलीच्या चरणी ठेवले. त्या बाळाला नाक-डोळे धड नव्हते, असे आता आठवते. त्या वेळी ते आमच्या लक्षात आले नाही, किंवा आले असले तरी त्याचा अर्थ कळला नाही.

पुढे हा नवस घराच्या भिंतीसारखा आमच्या संसारात उभा राहिला. मुलगा दहा वर्षांचा झाला, तेव्हा आजीने त्याला तो सांगितला. आम्ही स्वतः कधी सक्ती केली नाही, असे आम्ही अनेक वर्षे सांगत आलो आणि ते शब्दशः खरेही आहे. पण फादर घरी आले की त्यांच्या शेजारची खुर्ची याला मिळायची. वेदीसेवक म्हणून याची पाळी कधी चुकू दिली जात नसे. ‘मोठेपणी कोण होणार?’ या प्रश्नाचे उत्तर याने दिले की पाहुण्यांसमोर आमचे चेहरे उजळत. लहान मूल शब्दांपेक्षा चेहरे अधिक वाचते.

2011 साली बारावी झाल्यावर तो सेमिनरीत निघाला. रविवारच्या मिस्सानंतर धर्मग्रामाने त्याला हार घातला. त्या दिवसापासून गावातील बाया ‘फादरची आई’ म्हणून हाक मारू लागल्या आणि ती हाक कानांना गोड लागत नव्हती, असे म्हटले तर ते असत्य होईल. घरामागील वाडीचा तुकडा विकण्याची गोष्ट निघाली, तेव्हा आम्ही नकार दिला. पहिल्या मिस्साचे जेवण त्याच वाडीत मांडव घालून द्यायचे, हे आम्ही मनात ठरवून ठेवले होते. अजून आठ-नऊ वर्षे बाकी होती आणि आम्ही पंगती मोजीत होतो.

त्या संध्याकाळी पेटी आत घेतल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. रोझरी झाली, जेवण झाले. मग त्याने ताटाकडे पाहत सांगितले, “मम्मी, पप्पा, मला तिथे कोणी त्रास दिला नाही. सगळे चांगले आहेत. पण रोज सकाळी उठल्यावर वाटायचे की मी तुमचा नवस फेडायला इथे आलो आहे. माझे स्वतःचे बोलावणे मला कधी ऐकूच आले नाही.”

आमच्यातील एकीला रडू कोसळले, दुसऱ्याने, सांगताना आजही लाज वाटते, “आता लोकांना काय सांगायचे?” असे विचारले. वीस वर्षे देवाला अर्पण केलेल्या मुलाच्या तोंडावर आमचा पहिला प्रश्न लोकांविषयीचा होता.

पुढील काही महिने आम्ही सकाळची मिस्सा सोडून दुपारची धरली, म्हणजे ओळखीचे कमी भेटत. भीतीही होती. नवस मोडला, आता देव काय करील? मूल परत मागून घेईल का? पवित्र शास्त्रातील शास्त्यांच्या ग्रंथात इफ्ताहाची कथा आहे. युद्धात जय मिळाला, तर घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल ते अर्पण करीन, असा नवस त्याने केला; आणि सामोरी आली ती त्याची एकुलती एक मुलगी, डफ वाजवीत. ही कथा आम्ही अनेकदा ऐकली होती. त्या दिवसांत प्रथमच आमच्या ध्यानात आले की नवस बोलला बाप आणि तो फेडला लेकीने. तिचे नावसुद्धा त्या ग्रंथात दिलेले नाही.

शेवटी आम्ही आमच्या धर्मगुरूंकडे गेलो. ते उपदेश करतील असे वाटले होते. त्यांनी कपाटातून चर्चच्या कायद्याचे पुस्तक काढले. 1983 च्या या संहितेतील 1193 वा नियम सांगतो की नवस, त्याच्या स्वभावानुसारच, जो करतो त्याच्यावरच बंधनकारक असतो. म्हणजे आम्ही केलेला नवस आमच्या मुलावर कधीही, एका क्षणासाठीही, बंधनकारक नव्हता. त्यांनी मागील पाने उलटून 1026 वा नियमही दाखविला : कोणालाही, कोणत्याही प्रकारे वा कोणत्याही कारणास्तव, याजकपद घेण्यास भाग पाडण्यास पूर्ण मनाई आहे. मग त्यांनी आपल्या अधिकारात आम्हाला त्या नवसातून मुक्त केले. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना तो अधिकार आहे, हेही आम्हाला तेव्हाच कळले. सर्व मिळून दहा मिनिटे लागली असतील. वीस वर्षांचे ओझे दहा मिनिटांत उतरते, यावर विश्वास बसायला मात्र वेळ लागला.

निघताना फादरांनी आमच्या हाती एक लहानसे कार्ड दिले. त्यावर शार्ल द फुको यांच्या नावाने ओळखली जाणारी समर्पणाची प्रार्थना होती. अनेक वाचकांच्या घरी ती असेल. आपण ती प्रार्थना म्हणतो, पण ती लिहिणाऱ्याचे आयुष्य फारसे पाहत नाही. हा फ्रेंच सरदार घराण्यातील मनुष्य 1890 साली ट्रॅपिस्ट मठात शिरला. त्या काळच्या सीरियातील एका गरीब मठात असताना, 1896 साली, क्रूसावरील येशूने प्राण सोडताना पित्याला काय म्हटले, यावर त्याने मनन लिहिले; त्यातून ही प्रार्थना पुढे आली. आणि त्यानंतर थोड्याच काळाने, 1897 च्या आरंभी, सात वर्षे काढलेला तो मठ सोडून तो बाहेर पडला! नाझरेथला जाऊन क्लॅरिस्ट भगिनींच्या मठात तो पडेल ते काम करीत राहिला. पुढे 1901 साली त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि तो सहाराच्या वाळवंटात गेला. जो संघ स्थापन करण्याचे त्याने योजिले होते, तो त्याच्या हयातीत उभा राहिला नाही. 1 डिसेंबर 1916 रोजी तामनरासेट येथे त्याला गोळी घालून ठार करण्यात आले. 15 मे 2022 रोजी रोममध्ये त्याला संतपद देण्यात आले, त्याच सोहळ्यात आपल्या देशाचे देवसहायम पिल्लई हेही संत झाले.

त्या कार्डावरील प्रार्थना आम्ही अनेक रात्री वाचली. हळूहळू दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, तिच्यात कोठेही ‘जर’ नाही. दुसरी अधिक बोचली. ती प्रार्थना म्हणणारा स्वतःला देवाच्या हाती देतो. दुसऱ्या कोणाला नाही. आम्ही मात्र मुलाला देऊन टाकले होते आणि स्वतःला जपून ठेवले होते. आमची प्रतिष्ठा, आमची वाडी, आमच्या पंगती, ‘फादरची आई’ ही हाक, यांतील काहीही आम्ही वेदीवर ठेवले नव्हते. अब्राहामाचे उदाहरण आपण या बाबतीत नेहमी देतो. परंतु मोरियाच्या डोंगरावरून इसहाकाला जिवंत परत घेऊन येताना अब्राहामाला लोकांची लाज वाटली, असे उत्पत्तीच्या ग्रंथात लिहिलेले नाही. परमेश्वराने मुलगा परत दिला. त्याने तो घेतला.

येथे एक कबुली आणखी द्यावयास हवी. एवढे कळूनही आम्ही सुधारलो नव्हतो. आपल्या वसईच्या मातीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र आम्ही नव्याने वाचू लागलो. येशूसंघीयांबरोबर ते जपानमध्ये धर्मशिक्षणाचे काम करीत होते. त्या संघात जाण्याची त्यांची तीव्र इच्छा होती, पण प्रवेश मिळाला नाही. त्यांनी व्यापार केला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि जपानी भाषा येत होती म्हणून दुभाषी होऊन पुन्हा जपानला गेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रूसावर मृत्यू आला. झाले! आमच्या मनाने लगेच नवा हिशेब मांडला : देवाने एक दार लावले, म्हणजे आता तो याहून मोठे दार उघडणार. मुलगा काही सामाजिक कार्य करील, नाव काढील. त्याने कोणतेही पुस्तक हाती घेतले, कोणत्याही सभेस गेला, की आम्ही एकमेकांकडे पाहत असू.

एक दिवस त्यालाच ते असह्य झाले. “पप्पा, गोन्सालो दुकानात बसून कापड मोजत असतील ना, तेव्हा त्यांना माहीत नव्हते पुढे काय होणार ते. मलाही मोजू द्या.” कापड की मिरी, ते आम्हास ठाऊक नाही, त्यालाही नसावे. पण त्या दिवसापासून आम्ही त्याचा चेहरा वाचणे थांबविले.

आज तो वसई पूर्वेकडील औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी करतो. त्याची पाळी कधी रात्रीची असते. 2019 साली त्याचा विवाह झाला. वाडीत मांडव पडला, पंगती उठल्या. ज्या शेजाऱ्यांपासून आम्ही दार लावून घेतले होते, त्यांनीच वाढपाचे काम केले. सेमिनरीतून तो का परतला, यामागे देवाची कोणती योजना होती, असे अजूनही कोणी विचारते. आम्हाला ते माहीत नाही. माहीत नसतानाही सकाळी उठून मिस्साला जाता येते, एवढे मात्र आता माहीत आहे. आणि आम्ही पुन्हा सकाळच्याच मिस्साला जातो.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या अडीच वर्षांच्या मुलीला ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिले होते, तरी रात्री अंग भाजत होते. बाहेर तसाच पाऊस होता. सूनबाई कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवीत होती आणि मुलगा चमच्याने पाणी पाजीत होता. आम्ही वेदीपुढे मेणबत्ती लावून गुडघे टेकले. तीस वर्षांपूर्वीची ओसरी डोळ्यांपुढे उभी राहिली आणि आमच्यापैकी ज्याने तेव्हा नवस बोलला होता, त्याच्या तोंडून शब्द निघाला, “ही जर...”

मुलाने मागे वळून पाहिले. हातातील चमचा तसाच होता.

“पप्पा, नुसते मागा.”

गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः तेच केले होते. प्याला टळावा, असे त्याने आधी सरळ मागितले, एकदा नव्हे, तीनदा. आणि मगच स्वतःला पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन केले. बदल्यात काही देऊ केले नाही. आम्ही नातीचे नाव घेतले आणि ती बरी व्हावी, एवढेच मागितले. मग रोझरीला आरंभ केला. मुलगाही चमचा खाली न ठेवता उत्तरे देत राहिला.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. डॉक्टर म्हणाले, साथीचाच होता.