संगतीचा गुण : पत्त्यांच्या एका खेळाविषयी

खेळणे हे मनोरंजन खरे. परंतु खेळाचे नियम करणे हे काम न्यायाधीशाच्या कामाइतकेच जोखमीचे आहे. आमच्या वसतिगृहातील काही मुले सुटीच्या दिवशी ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा पत्त्यांचा खेळ खेळत असतात. त्यांचे तंटे निवडण्यास आम्हांस वरचेवर पाचारण होऊ लागल्यामुळे तो खेळ शिकणे आम्हांस भाग पडले. ‘हा जुगार तर नव्हे ना?’ अशी पृच्छाही काही पालकांनी केली. या दोन्ही कारणांस्तव हे चार शब्द.

आपल्याकडील दशावतारी गंजिफांत दहा रंगांची मिळून १२० पाने असतात. त्या खेळात काय, किंवा घरोघरच्या ५२ पत्त्यांत काय, सगळी पाने सर्वांची. पिसून वाटली, की वाट्यास येतील ती आपली. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाचा हा खेळ १९९३ साली निघाला आणि त्याने ही रीत पालटली. यात प्रत्येक खेळाडू आपला जोड आपणच निवडून आणतो. पाने बंद पाकिटांतून विकली जातात, व पाकीट फोडीपर्यंत आत काय आहे हे कळत नाही. प्रत्येक पानाचा गुण त्यावरच छापलेला असतो. ते खेळण्यासाठी ‘माना’ नावाचे बळ खर्चावे लागते. आरंभी दोघांजवळ आयुष्याचे २०-२० अंक असतात. ज्याचे सरतील तो हरला.

आता या गुणांचे गणित पाहा. ‘प्लेग रॅट्स’ नावाचे उंदरांचे एक पान आहे. मांडलेल्या डावात अशी जितकी पाने असतील, तितके त्यांतील प्रत्येकाचे बळ. एक पान असले तर बळ १. दोन असली तर प्रत्येकी २, म्हणजे एकूण ४. तीन असली तर ९, चार असली तर १६ आणि दहा असली तर १००! पाने दुप्पट झाली की बळ चौपट होते. वर्गसंख्यांचा पाठ कंटाळवाणा वाटणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याने हा हिशेब फळ्यावर स्वतः होऊन मांडला. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण येथे अंकांनी सिद्ध होते.

आरंभीच्या नियमांत एकाच नावाची किती पाने बाळगावीत यास मर्यादा नव्हती. पुढे १९९४ साली स्पर्धांसाठी नियम झाला, की जोडात निदान ६० पाने असावीत, आणि साधी भूमीची पाने वगळता एका नावाची चारांहून अधिक नसावीत. त्यामुळे उंदरांचे बळ एका जोडापुरते १६ वर येऊन थांबले. उंदीर कोणी मारला नाही. त्याच्या टोळीस मात्र कुंपण पडले.

परंतु भिन्न नावांची पाने एकत्र आली तर काय? ‘ब्लॅक लोटस’ हे पान फुकट तीन माना देते. ‘चॅनेल’ या पानाने आपल्या आयुष्याचा एकेक अंक देऊन एकेक माना घेता येते. एकटे पाहिले तर हे पान आत्मघातकीच वाटावे. ‘फायरबॉल’मध्ये जितके बळ ओतावे तितका तो जाळतो. लोटसच्या तीन माना आणि डोंगराच्या पानाची एक, मिळून चार. त्यांतील दोन चॅनेलच्या किमतीत गेल्या, दोन उरल्या. आयुष्याचे १९ अंक देऊन आणखी १९ मिळविल्या, म्हणजे २१ झाल्या. एक फायरबॉलची मूळ किंमत. राहिलेल्या २० प्रतिपक्षाच्या माथी! त्या बिचाऱ्याची पहिली पाळी येण्यापूर्वीच खेळ आटोपतो. म्हणून आज ‘व्हिंटेज’ नावाच्या स्पर्धाप्रकारात लोटस आणि चॅनेल यांची एकेकच प्रत चालते, आणि ‘लेगसी’ प्रकारात दोन्ही वर्ज्य आहेत. फायरबॉल मात्र दोहोंत मोकळा आहे. संगत तोडली की तो पुष्कळसा निरुपद्रवी होतो.

पानांचा क्रम हाही संगतीचाच एक भाग होय. एकदा दोन मुले तावातावाने आमच्याकडे आली. एकाचे अस्वल होते. त्याचे मारण्याचे बळ दोन व सोसण्याचेही दोन. दुसऱ्याने त्यावर तीन अंकांची वीज टाकली. पहिल्याने लगेच अस्वलाचे बळ तिनांनी वाढविणारे पान खेळले, आणि अस्वल वाचले. पुढच्या डावात पहिल्याने वाढीचे पान आधी खेळले, त्यास उत्तर म्हणून दुसऱ्याने वीज टाकली, आणि अस्वल मेले. ‘सर, पाने तीच, मग न्याय दोन का?’ असा त्याचा सवाल होता. आम्ही त्यास स्वयंपाकघरात नेऊन घासून रचलेल्या ताटांची चळत दाखविली. जे ताट शेवटी ठेवले, तेच प्रथम उचलावे लागते. १९९९ साली या खेळात हाच नियम ठरला : जे पान शेवटी टाकले, त्याचा परिणाम आधी. दुसऱ्या डावात वीज वर होती. ती आधी पडली, आणि वाढ द्यावी तर अस्वलच उरले नव्हते. मुलाची समजूत पटली. बोलण्यापूर्वी प्रतिपक्षाचे बोलणे होऊ द्यावे, हा धडाही त्याने त्यातून घेतला असेल, अशी आम्हांस आशा आहे.

नियम करणारेही कधी फसतात. २००४ साली ‘स्कलक्लॅम्प’ नावाचे एक अवजार या खेळात आले. ज्याच्या अंगी ते चढवावे, त्याचे मारण्याचे बळ एकाने वाढे व सोसण्याचे एकाने घटे. आणि तो मेला तर धन्यास दोन नवी पाने मिळत. उणे एक हा तोटा म्हणून लावलेला. पण एकाच अंकाचे दुबळे प्राणी ते चढविताच मरत, आणि एका मानेत दोन पाने पदरात पडत. तोटा हाच नफा झाला! त्याच वर्षी जून महिन्यात निर्मात्यांनी ‘स्टँडर्ड’ स्पर्धांतून आपलेच पान काढून टाकले.

आता पैशाविषयी. नियम पानांच्या प्रती मोजतो. तो खिसा मोजीत नाही. आमच्या मुलांपैकी एकाचे वडील मोलमजुरी करितात, तर दुसऱ्याचे मामा परदेशाहून पाकिटे धाडितात. पहिला नेहमी हरे, आणि हरण्याचे कारण पत्ते पिसण्यापूर्वीच ठरलेले असे. म्हणून आम्ही वसतिगृहापुरते दोन नियम केले. सर्वांची पाने एका पत्र्याच्या डब्यात ठेवावयाची, आणि खेळापूर्वी पाळीपाळीने एकेक निवडून आपला जोड लावावयाचा. डब्यात नसलेले महाग पान हवे असल्यास त्याचे नाव व गुण लिहिलेली कागदाची चिठ्ठी डब्यात घालावी. तीही पाळीनेच उचलावी. पहिल्या महिन्यात थोडी कुरकुर झाली. मग ती थांबली. तो मुलगा आता दरवेळी जिंकतो असे नाही. परंतु हरला तर का हरला, हे त्यास सांगता येते.

तेव्हा पालकांस आमचे सांगणे इतकेच, की पाकीट फोडण्यात दैवाचा भाग मोठा आहे. तेथे हात आखडता घ्यावा. खेळात मात्र गणित आहे, विचार आहे आणि दुसऱ्याची पाळी येईतो थांबण्याचे शिक्षणही आहे. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांपैकी पुष्कळ जण पुढे कोठे ना कोठे नियम करणारे व्हाल. कोणी पंचायतीत, कोणी कचेरीत, कोणी स्वतःच्या घरात. तेव्हा एकेका माणसाचे किंवा वस्तूचे बळ मोजून थांबू नका. कोण कोणाशेजारी बसले आहे, कोणते बळ कोणत्या क्रमाने येते, आणि त्या मेळाने कोणाची पाळी येण्याआधीच हिरावली जाते, तेही पाहा. तशी कोणाची पाळी जात असेल, तर नियम बदलण्यास लाजू नका.